बिअरविना बिअरची भजी

फेसाळ : भाग अकरावा

स्टाउट बिअरमध्ये मुरवलेल्या मटणाचा वायदा या आठवड्याचा होता. तो पुढे ढकलतो, कारण सुरतेच्या बमरोलीहून एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववेना. लिहिणाऱ्या ताई मूळच्या नंदुरबारकडच्या. यजमान शेजारच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये. त्या लिहितात, ‘तुमची बिअरच्या पिठातली भजी वाचून मुलगा मागे लागलाय. आम्ही राहतो गुजरातेत, बिअर आणू कुठून? आणि तळल्यावर दारू उडूनच जाते, तर मग त्यात पोलिसांना हरकत ती काय?’

उत्तर दोन ओळींत आटोपलं असतं. पण बिअर हातात नसताना बिअरचा विचार करायचा म्हटलं की ती काय काय कामं करते हे नीट दिसायला लागतं. म्हणून अख्खा भाग बमरोलीच्या नावे.

आधी उडून जाण्याचं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणजे पातेलं रटरटलं की अल्कोहोल आधी पसार, असा हिशेब आपण करतो. पण पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल एकटं उठून जात नाही. वाफ दोघांची मिळून निघते आणि अल्कोहोलचा अंश हळूहळू उतरत जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याचं यावर एक कोष्टक आहे. उकळत्या रसात दारू घालून भांडं लगेच उतरवलं तर ८५ टक्के अल्कोहोल तसंच राहतं. मंद आचेवर १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के उरतं, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. भजी कढईत असतात चार-पाच मिनिटं. पीठ थोडं, त्यातली बिअर त्याहून थोडी, तेव्हा भजी खाऊन कुणी झिंगणार नाही. पण ‘काहीच उरत नाही’ हे खरं नव्हे. घरात कुणी दारू सोडलेली असेल किंवा कुणी श्रद्धेपोटी शिवत नसेल, तर न सांगता अशी भजी वाढणं मला गैर वाटतं.

आता हरकतीचं. ताई, कायदा कढईपर्यंत येतच नाही, तो बाटलीपाशीच थांबतो. परवान्याशिवाय ती घरात असणं हाच गुन्हा. मूळ कायदा तत्कालीन मुंबई राज्याचा, १९४९ सालचा. त्यामागचा जोर मोरारजी देसाईंचा, आणि मोरारजी तुमच्याच बाजूचे, वलसाडजवळच्या भदेलीचे. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि हाच कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने तो कडक ठेवला, २०११ मध्ये त्याच्या नावातलं ‘मुंबई’ काढून ‘गुजरात’ घातलं आणि २०१७ च्या दुरुस्तीने दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यांची शिक्षा दहा वर्षांपर्यंत नेली. महाराष्ट्राने तोच कायदा परवाने देत देत सैल केला. आपल्याकडच्या बारवर अजून ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं, ते त्यामुळेच.

या कायद्याला अगदी सुरुवातीलाच फ्राम नसरवानजी बलसारा यांनी न्यायालयात आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बहुतेक कायदा उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंधनं रद्द केली. म्हणजे खोकल्याचं औषध सुटलं, कोलोन सुटलं. भज्यांचं पीठ अडकलं ते अडकलंच.

उधन्याहून गाडीत बसून तुम्ही माहेरी जाता तेव्हा वाटेत नवापूर लागतं. या स्टेशनातूनच राज्यांची हद्द गेलेली आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. हद्दीवरच्या बाकावर दोघं बसले तर एक इकडचा आणि एक तिकडचा. इकडच्याच्या पिशवीतली बिअरची बाटली तिकडच्याने मांडीवर घेतली की प्रकरण पोलिसांत जाऊ शकतं. सुरतेची हौशी मंडळी शनिवार-रविवार हद्दीपलीकडचं दमण गाठतात ते याच कारणाने. पण तिथे प्यायलेली तिथेच ठेवून यावी लागते. तेव्हा माहेरून एखादा कॅन पिशवीच्या तळाशी घालून आणण्याचा विचार मनात आला असेल, तर तो नवापूरच्या अलीकडेच सोडून द्या.

आता पीठ.

तळणीच्या पिठात बिअर घालायची रीत आली ती मैद्याच्या देशांतून. मैदा पाण्यात कालवला की त्यात चिवटपणा धरतो आणि मग कवच कुरकुरीत व्हायच्या ऐवजी चामट होतं. बिअरमधलं अल्कोहोल तो चिवटपणा नीट धरू देत नाही. शिवाय तापलेल्या तेलात तिचा वायू सुटतो आणि कवचाला बारीक बारीक पोकळ्या पडतात. इंग्लंडातल्या तळलेल्या माशाला बिअर मानवते ती यामुळे. पण आपण बेसन वापरतो, आणि हरभऱ्याच्या पिठात मैद्यातलं ते चिवट प्रथिन नसतंच. म्हणजे बिअरमधल्या अल्कोहोलला आपल्या भज्यांत करण्यासारखं काम फारसं नाही. मागे कृती दिली तेव्हा हे मी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण तेव्हा मी बिअरच्या बाजूने बोलत होतो.

उरला वायू, आणि तो साध्या सोड्याच्या बाटलीत बिअरपेक्षा जास्तच असतो. सोडा फ्रीजमधला, दात शिवशिवतील इतका थंड हवा; गार पाण्यात वायू जास्त टिकतो आणि पीठ कढईत पडल्यावर एकदम सुटतो. वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ, तिखट, ओवा हे कोरडंच एकत्र करून ठेवा. तेल तापलं की मगच सोडा ओता आणि चार-सहा वेढ्यांत हात थांबवा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, घोटत बसलात की वायू गेला. खाण्याचा सोडा यात नको. त्याने भजी तेल पितात आणि जिभेवर साबणासारखी चव येते.

एक मात्र लक्षात ठेवा. हे सगळं चकत्यांच्या भज्यांसाठी. खेकडा भज्यांना मिठाने सुटलेलं कांद्याचं पाणीच पुरतं. त्यांत सोडा घालणं वाया आणि बिअर घालणं त्याहून वाया. कांद्याच्या गोल चकत्या घ्या, भरताच्या वांग्याचे काप घ्या. आणि तुमच्यापासून डुमस कितीसं लांब? तिथल्या समुद्रावर हिरवी चटणी लावलेल्या टोमॅटोच्या चकत्यांची जी भजी मिळतात, ती या पिठात करून पाहा. टोमॅटो आतून उकळत असतो, त्याला कवच हलकंच हवं.

सोड्याने बिअरचं अंग आलं, चव आली नाही. बिअरची चव माल्टची, म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजलेल्या जवाची. धान्याला मोड येताना त्यातला पिष्टमय भाग साखरेत बदलणारी विकरं तयार होतात. भाजताना ती साखर आणि प्रथिनं मिळून तो खमंग, पाव भाजल्यासारखा वास देतात. बिअरचा कारखाना हे टनांनी करतो. आपल्या घरांत नाचणीचं, म्हणजे तुमच्याकडच्या नागलीचं, सत्त्व करताना याच पायऱ्या असतात. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची. खानदेशातल्या आणि डांगातल्या घरांना हे मी शिकवावं असं काही नाही. माल्ट त्या घरांत बाळाच्या पेजेत जातं, एवढंच. त्यातलं चमचाभर वाटीभर बेसनात मिसळा. जास्त नको, साखरेमुळे भजी बाहेरून काळी पडतील आणि आतून कच्ची राहतील.

कडवटपणासाठी बिअरमध्ये हॉप्सची फुलं असतात. मी चिमूटभर कसुरी मेथी चुरडून घालतो. तो कडवटपणा वेगळ्या जातीचा आहे, हॉप्सचा फुलांसारखा वास त्याला नाही. पण बेसनाशी मेथीचं सख्य जुनं. किंचित आंबटपणाही बिअरला असतोच, तो चमचाभर आंबट ताकाने येतो. सोस्यो हे शीतपेय वापरावं का, असं पत्राच्या समासात विचारलंय. सोस्यो सुरतेचाच, १९२३ पासूनचा, हजूरी कुटुंबाने काढलेला, आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्यातली साखर तेलात जळेल. तो भज्यांबरोबर प्या, भज्यांत घालू नका.

राहिलं यीस्ट, आणि इथे मला सुरतेचा मोह आवरत नाही. युरोपात पाव भाजणारे कितीतरी शतकं बिअर करणाऱ्यांकडून फेस मागून आणत आणि त्याने कणीक फुगवत. एल प्रकारची बिअर आंबवणारं यीस्ट आणि पावाचं यीस्ट एकाच जातीचं. सतराव्या शतकात डच व्यापारी सुरतेला आले. बिअरचा फेस इथे नव्हता. ताडी होती, आणि ताडीतही तेच काम करणारं यीस्ट असतं. सुरतेत सांगतात ते असं, की डच निघून गेले तेव्हा त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कामगाराकडे आली. पाव ताडीने फुगवलेला, म्हणून गावातले पुष्कळ लोक त्याला हात लावेनात. पडून राहिलेला पाव वाळून खुटखुटीत झाला आणि तोच लोकांना आवडायला लागला. सुरती बटासे म्हणतात ते हे. दोटीवालांची बेकरी आजही आहे आणि नानखटाईची कथाही त्याच भट्टीशी जोडलेली आहे. गोव्यातले पोदेर ताडीला सूर म्हणतात, त्यांचा पाव पूर्वी असाच माडाच्या सूरने फुगायचा. आता बहुतेक ठिकाणी विकतचं यीस्ट.

म्हणजे आंबवलेल्या पेयाने स्वयंपाक ही सुरतेला नवी गोष्ट नाही, बाटली तेवढी नवी. आणि ताई, थंडीत पहाटे तुमच्याकडे नीरो मिळतो तो मात्र चुकवू नका. शिंदीच्या झाडाचा हा ताजा रस रीतसर परवान्याने विकला जातो. ऊन चढलं की तो आपोआप आंबायला लागतो आणि मग त्याची ताडी होते, जी तुमच्याकडे चालत नाही. भज्यांच्या पिठासाठी तो ठेवून देऊ नका, गोडीने भजी करपतील. पहाटे उभ्यानेच प्यायचा आणि घरी यायचं.

या पिठाची भजी आणि खऱ्या बिअरची भजी मी शेजारी शेजारी ठेवून खाल्ली आहेत. मैद्याच्या पिठातल्या माशाला बिअरच हवी, तिथे सोडा उणा पडतो. बेसनाच्या भज्यांत सोडा आणि नागलीचं सत्त्व बिअरला हरवतात.

नागलीचं सत्त्व जरा जास्त, कॉफीच्या रंगापर्यंत भाजून पाहिलंत, तर स्टाउट काळी का असते ते तुम्हाला माझ्या आधी कळेल. मटण पुढच्या आठवड्यात, आणि त्यात बिअर नसली तर काय घालायचं हेही तेव्हाच. ज्यांच्या घरी नागलीचं सत्त्व होतं त्यांनी ते किती वेळ आणि कशावर भाजतात हे पत्राने जरूर कळवावं.