वाव, घेर आणि चिमूट : खेळाडूचे माप कसे घ्यावे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५१ साली ‘अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ महाराष्ट्र’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर नावे दोन : मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि संख्याशास्त्राची जाण असलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. माप घेणे आणि त्याचा हिशेब तपासणे ही कामे जोडीने चालतात, हे या शहराने तेव्हाच पाहिले. आज इथे आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे, पेठांतल्या तालमी आहेत. या सर्व ठिकाणी घडणाऱ्या मुलामुलींचे माप नीट घेतले गेले पाहिजे.

वजन आणि उंची

दोन्ही सकाळी, उपाशीपोटी, शौचास जाऊन आल्यावर घ्यावीत. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकलेली हवी. नजर समोर, आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड कानाच्या भोकाच्या वरच्या कडेशी एका आडव्या रेषेत. खोल श्वास घेऊन रोखायला सांगावे आणि मग आकडा वाचावा.

वजनकाटा सपाट, कठीण फरशीवर ठेवावा. मॅटवर ठेवलेला काटा चुकतो. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सरांना ५७ किलोनंतर थेट ६३.५ किलोचा गट होता. काटा एक किलो खोटे बोलला, तर पोराला विनाकारण उपाशी ठेवले जाते किंवा चुकीच्या गटात उतरवले जाते.

वाव

विहिरीचा दोर आपल्याकडे वावाने मोजत. पसरलेल्या दोन्ही हातांच्या मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर म्हणजे वाव, आणि बॉक्सिंगमध्ये ‘रीच’ म्हणून सांगितला जाणारा आकडा साधारणपणे हाच. पाठ भिंतीला, हात खांद्याच्या उंचीवर आडवे, तळवे पुढे. एक बोट खोलीच्या कोपऱ्याला टेकवले, तर दुसऱ्या टोकाशी खूण करणे सोपे जाते. हात जरा खाली आले की माप कमी भरते.

घेर

शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. पातळ, अरुंद पोलादी टेप घ्यावी. दंडाचा घेर ‘साधारण मधोमध’ असा अंदाजाने घेऊ नये. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचा सांधा यांच्यामधला मध्यबिंदू मोजून पेनाने खूण करावी. टेप हाडाला काटकोनात, त्वचेला टेकलेली असावी. मांस दबता कामा नये. कंबर सर्वांत बारीक जागी, सहज श्वास सोडल्यावर मोजावी. पोट आत ओढून घेतलेला आकडा निरुपयोगी.

चिमूट

चरबीचा अंदाज घ्यायला कॅलिपर लागतो, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. नेहमीच्या पद्धतीत आठ जागा असतात : दंडाची पुढची व मागची बाजू, खवाट्याखाली, कमरेच्या हाडाजवळ दोन, पोट, मांडी, पोटरी. सर्व मापे शरीराच्या उजव्या बाजूस. खुणेवर डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने त्वचा व चरबीची दुहेरी घडी धरावी, स्नायू सोडून. कॅलिपर खुणेपासून १ सेंटिमीटर अंतरावर लावावा, दोन सेकंदांनी आकडा वाचावा, तोवर चिमूट सोडू नये. सरावानंतर घामेजलेल्या अंगावर हे करू नये.

चरबीच्या टक्क्यांची सूत्रे मुख्यतः दुसऱ्या देशांतल्या माणसांवर बेतलेली आहेत. आठही मापांची मिलिमीटरमधली बेरीज ठेवा आणि तीच महिन्यामहिन्याला ताडून पाहा. माझ्या मते तिच्यावर अधिक विश्वास ठेवता येतो.

नोंदवही

प्रत्येक माप दोनदा घ्यावे, पण लागोपाठ एकाच जागी नव्हे. एक फेरी पूर्ण करून पुन्हा पहिल्यापासून. चिमटीत ५ टक्क्यांपेक्षा किंवा इतर मापांत १ टक्क्यापेक्षा फरक पडला, तर तिसरे घ्यावे. दोन असतील तर सरासरी, तीन असतील तर मधला आकडा. तारीख, वेळ, उपकरण आणि माप घेणाऱ्याचे नाव लिहावे, कारण हात बदलला की आकडाही बदलतो.

मुलींची मापे बाईने, आडोशाच्या खोलीत, त्यांना आधी विचारूनच घ्यावीत. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची परवानगी घ्यावी. प्रशिक्षकांना एक विनंती : कोणाचाही आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका.