क्लॉडिया : एक नांव, अनेक स्त्रिया

प्राचीन रोममध्यें मुलाला स्वतःचें असें एक नांव मिळे. मुलीच्या वांट्याला बहुधा कुळाचेंच नांव येई. क्लॉडियस कुळांतली ती क्लॉडिया, कॉर्नेलियस कुळांतली ती कॉर्नेलिया. घरांत दोघी झाल्या तर थोरली व धाकटी, अधिक झाल्या तर तिसरी, चवथी असें म्हणून काम भागवीत. विवाहानंतरहि नांव बदलत नसे. व्यवस्था सुटसुटीत खरी, पण इतिहास वाचणाराची तिनें मोठीच अडचण करून ठेविली आहे.

इ. स. पू. २४९ मध्यें पब्लियस क्लॉडियस या सेनापतीनें सिसिलीतील ड्रेपाना येथें कार्थेजशीं लढतांना ९३ गलबतें गमावलीं. तीन वर्षांनीं त्याची बहीण क्लॉडिया खेळ पाहून परतत असतां गर्दींत चेंगरली. भाऊ आतां जिवंत नव्हता. तो असता आणि त्यानें आणखी एक आरमार बुडविलें असतें, तर ही गर्दी तरी कमी झाली असती, असें ती बोलून गेली! या उद्गाराबद्दल तिला २५,००० नाण्यांचा दंड झाला. कुळाचा ताठा प्रसिद्धच होता.

पुढें २०४ मध्यें देवमातेची पवित्र शिळा घेऊन येणारें जहाज टायबर नदीच्या मुखाशीं रुतलें. जिच्या शीलाविषयीं लोक कुजबुजत, त्या क्लॉडिया क्विंटानें दोर किंचित् ओढतांच तें चालूं लागलें, अशी कथा ओव्हिड कवि सांगतो. लिव्ही हा इतिहासकार चमत्काराचें नांवहि काढीत नाहीं. तेंच अधिक विश्वसनीय.

तिसरी क्लॉडिया वेस्टा देवीची कुमारी पुजारीण. १४३ मध्यें अॅपियस क्लॉडियसनें परवानगीवांचून विजययात्रा काढली. ट्रिब्यून त्यास रथांतून खालीं ओढूं लागला, तेव्हां ही त्याची मुलगी (कोणी बहीण म्हणतात) रथांत चढून त्याला बिलगली. पुजारणीच्या अंगास हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. यात्रा पार पडली.

या दोघींचीं नांवें ५६ सालीं भर न्यायसभेंत निघालीं. कीलियस नांवाच्या तरुणावर खटला चालू होता. मेटेलसची विधवा क्लोडिया हिला विष देण्याचा बेत केल्याचा आरोपहि त्यांत होता. (या शाखेंत नांवाचा उच्चार असा बदलला होता.) कीलियसचा वकील सिसेरो. त्यानें क्लोडियाच्या मृत पूर्वजाला, आंधळ्या अॅपियसला, जणूं थडग्यांतून उठवून बोलावयास लाविलें. क्विंटाचा व त्या पुजारणीचा कित्ता तुला कां गिरवितां आला नाहीं, असें पूर्वजानें तिला खडसावलें. ज्या क्विंटाविषयीं स्वतःच्या काळीं लोक कुजबुजत होते, तीच आतां दुसरीला मोजण्याची काठी झाली! कीलियस सुटला. सिसेरोचें भाषण आजहि वाचावयास मिळतें. क्लोडियाच्या तोंडचा एक शब्दहि उरलेला नाहीं.

४५ सालीं सिसेरोची लाडकी कन्या टुलिया वारली. तिचेंहि नांव कुळाचेंच. टुलियस घराण्याची म्हणून टुलिया. तिच्या स्मारकासाठीं तो जागा शोधीत होता. त्या वेळच्या पत्रांत विकत घेण्याजोगी म्हणून एका क्लोडियाची बाग येते. परंतु मेटेलसच्या घरची क्लोडिया व तिच्या दोघी बहिणी, तिघींचेंहि नांव क्लोडिया. ही बाग खटल्यांतील क्लोडियाचीच असावी असें बहुतेक विद्वान् मानतात. पण नुसत्या नांवावरून तें सिद्ध होत नाहीं.