करासची उडी

विल्यम पीटर ब्लॅटी या लेखकाला एक गोष्ट कायम डाचत राहिली. 'द एक्झॉर्सिस्ट' हा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या पुष्कळ प्रेक्षकांना वाटायचं, शेवटी सैतानच जिंकला! ब्लॅटी श्रद्धाळू कॅथलिक होता. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात तो जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला. १९४९ साली तिथे विद्यार्थी असतानाच मेरीलँडमधल्या एका मुलाच्या अंगातला सैतान काढल्याची बातमी त्याने वाचली होती. त्यावरून सुचलेली कादंबरी १९७१ मध्ये आली, चित्रपट १९७३ मध्ये. त्याच्या लेखी हे सगळं श्रद्धेच्या बाजूने लिहिलेलं होतं. लोकांच्या लक्षात मात्र गरगर फिरणारी मान आणि हिरवी ओकारी तेवढी राहिली.

खरं तर ही गोष्ट झपाटलेल्या रीगन या मुलीची नाहीच. ती फादर डेमियन करासची आहे. हा जेझुइट धर्मगुरू मानसोपचारतज्ज्ञही आहे आणि त्याची श्रद्धा विझत चालली आहे. त्याची आई न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत एकटी मरते. दारिद्र्याचं व्रत घेतल्यामुळे मुलाला तिच्यासाठी फारसं काही करता आलेलं नसतं. सैतान नेमका याच जखमेवर बोट ठेवतो, म्हाताऱ्या आईच्या आवाजात बोलतो. या सगळ्यासाठी एका निष्पाप पोरीचीच निवड का व्हावी, असा करासचा प्रश्न. सैतान काढायला आलेल्या वृद्ध फादर मेरिनच्या मते सैतानाचा रोख पोरीवर नसून तिच्या भोवतीच्या माणसांवर आहे. आपण जनावराच्या लायकीचे आहोत, देवाने प्रेम करावं असं आपल्यात काही नाही, असं त्यांना वाटायला लावणं हा त्याचा डाव. चित्रपटाचं सगळं मर्म या संवादात असूनही विल्यम फ्रीडकिन या दिग्दर्शकाने जिन्यावरचा तो प्रसंग कापला. तो परत आला थेट २००० सालच्या आवृत्तीत.

सैतान काढण्याचा विधी अर्ध्यावर असतानाच मेरिन हृदयविकाराने मरतो. तेव्हा करास सैतानाला म्हणतो, पोरीला सोड, मला घे. सैतान त्याच्यात शिरतो आणि करास खिडकीतून उडी टाकतो. कादंबरीच्या सुरुवातीलाच ब्लॅटीने लूकच्या शुभवर्तमानातला उतारा दिला आहे. त्या कथेत येशू एका माणसातली भुतं डुकरांच्या कळपात घालवतो आणि तो कळप कड्यावरून तळ्यात पडून बुडतो. ती कथा डोक्यात ठेवून शेवट वाचला, की करास डुकरांच्या जागी स्वतः उभा राहिलेला दिसतो. पण कॅथलिक धर्मात आत्महत्या हे घोर पाप. म्हणून ब्लॅटी एक बारीक तजवीज करतो. खिडकीबाहेरच्या जिन्याच्या पायथ्याशी मरणाऱ्या करासचा हात त्याचा मित्र फादर डायर धरतो, त्याच्याकडून पश्चात्तापाची खूण घेतो आणि पापक्षमा देतो. भयकथेच्या घाईत हे चटकन निसटतं. माझ्या मते मात्र सबंध पुस्तक त्या दाबलेल्या हातासाठी लिहिलं आहे.

कॅथलिक श्रद्धेच्या खुणा भयकथेत ब्लॅटीच्या आधीही होत्या. ब्रॅम स्टोकर हा तर आयरिश प्रोटेस्टंट. त्याच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) मात्र पिशाच्चांशी लढणारा व्हॅन हेल्सिंग चक्क ख्रिस्तप्रसादाची भाकर कुस्करून थडग्याच्या फटी बुजवतो. हीच भाकर नायिका मीनाच्या कपाळाला लागताच चटका बसतो, कारण तोवर ड्रॅक्युलाने तिला बाटवलेलं असतं. तरीही, ज्याने आपला नाश केला त्याचीही दया करा, असं सांगते ती मीनाच. मरताना ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यावर तिला शांती दिसते. क्रूस आणि लसूण सिनेमांनी उचलले. मीनाची ही करुणा बहुतेकांनी मागेच ठेवली.

क्रूस आपोआप चालत नाही, हे स्टीफन किंगने 'सेलम्स लॉट'मध्ये (१९७५) दाखवून दिलं. नारायण धारपांच्या 'लुचाई'मुळे ही कथा मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. किंगच्या कादंबरीत पिशाच्च बार्लो दारुड्या फादर कॅलहानसमोर सौदा ठेवतो: पकडलेल्या मुलाला सोडतो, पण तू क्रूस फेकून दे, मग तुझी श्रद्धा आणि माझी श्रद्धा भिडू दे. मुलगा सुटतो. कॅलहान कचरतो, क्रूसाचा उजेड मावळतो आणि बार्लो तो मोडून टाकतो. नंतर कॅलहानचं स्वतःचं चर्चही त्याला आत घेत नाही. आपल्याकडे धारपांच्या इतर कथांमधला समर्थ संकटात उतरला, की वाचक निर्धास्त होतो, कारण त्याच्या सिद्धीवर आपला भरवसा असतो. कॅलहानवर असा भरवसा ठेवताच येत नाही. अर्थात किंगलाही त्याला असं वाऱ्यावर सोडवलं नाही. 'डार्क टॉवर' मालिकेत त्याने कॅलहानला परत आणलं आणि २००४ च्या अखेरच्या खंडात पुन्हा पिशाच्चांसमोर उभं केलं. जेक या पोराला पुढे जाता यावं म्हणून या वेळी तो न डगमगता मरतो.

'द एक्झॉर्सिस्ट' नुसता पाहिलेल्यांनी एकदा कादंबरी वाचावी. तेवढा वेळ नसेल, तर निदान २००० ची आवृत्ती पाहावी आणि जिन्यावरच्या त्या दोघा थकलेल्या धर्मगुरूंचं बोलणं नीट ऐकावं. करास हरला की जिंकला, ते मग ब्लॅटीला सांगावं लागणार नाही.