स्वराचा विलंब

लखनौच्या हजरतगंजातून कैसरबागेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर भातखंडे यांच्या नावाचे संगीत विद्यापीठ लागते. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली ते मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाले. उस्तादांकडून ऐकलेल्या बंदिशी भातखंडे यांनी कागदावर उतरविल्या. त्या कामी कान आणि लेखणी ही मुख्य साधने होती. आजच्या तरुण गायकाला घरी ध्वनिमुद्रण करावयाचे, तर मायक्रोफोन, संगणक आणि त्यांना जोडणारी ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी लागते. परंतु गाऊ लागताच हेडफोनमध्ये त्याचा स्वत:चा स्वर किंचित मागाहून येतो, आणि द्रुत तानेत लय डळमळते.

याचे कारण असे. संगणक ध्वनीचे सेकंदास साधारणपणे ४८,००० नमुने घेतो. मात्र ते सुटे पाठवीत नाही. कचेरीतील टपालाप्रमाणे टोपली भरली म्हणजेच ती पुढच्या मेजावर जाते. टोपली २५६ नमुन्यांची असेल, तर येण्याजाण्याच्या दोन टोपल्यांत मिळून सुमारे ११ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून १२ फूट जातो. तबलजी १२ फुटांवर बसला तर निभते; १,०२४ नमुन्यांच्या टोपलीने तो ४८ फुटांवर, म्हणजे थेट अंगणात जाऊन बसतो! टोपली फार लहान केली, तर संगणकाची धांदल उडून मुद्रणात चटचट ऐकू येते.

ही ने-आण ज्याच्याकडे असते तो ड्रायव्हर, आणि येथे प्रणालीप्रणालींत भेद पडतो. विंडोजचा नेहमीचा मार्ग सर्व कार्यक्रमांचे आवाज एकत्र मिसळतो. तंबोऱ्यासोबत पत्र आल्याची घंटाही त्यातूनच जाते. म्हणून स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली एएसआयओ हा आडमार्ग काढला. तो वेगवान खरा. पण त्याचा ड्रायव्हर बहुधा पेटीचा निर्माताच पुरवितो. त्याने हात आखडता घेतला, की नव्या विंडोजवर धडधाकट पेटीही अडून बसते. शिवाय एका वेळी सहसा एकच ड्रायव्हर चालतो. मॅकमध्ये कोअर ऑडिओ प्रणालीतच विणलेला असल्याने दोन पेट्या जोडून एक मानता येतात. गायन एकीवर, तबला दुसरीवर. नवख्याला हीच व्यवस्था सर्वांत कमी छळते. लिनक्समध्ये तळाशी अल्सा, त्यावर पूर्वी संगीतकारांसाठी जॅक आणि इतरांसाठी पल्स ऑडिओ, असे दोन संसार होते. पाइपवायरने ते बऱ्याच अंशी एकत्र आणले. यूएसबीच्या सर्वमान्य नियमांनी चालणाऱ्या जुन्या पेट्या तेथे सहसा वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालतात, हा काटकसरी विद्यार्थ्याचा मोठा लाभ.

गायकापुरती एक सोपी वाट आहे. अनेक पेट्यांवर मायक्रोफोनचा आवाज संगणकात न फिरविता परस्पर हेडफोनकडे वळविण्याची सोय असते. मग स्वर तत्काळ ऐकू येतो. संगणकाने त्यावर चढविलेला घुमारा तेवढा उशिरा पोहोचतो.