विजयदुर्ग चाच्यांचा अड्डा होता का?

समुद्री चाच्यांचं बंदर म्हटलं की जमैकातलं पोर्ट रॉयल आठवतं. आपल्याकडे तसंच एक बंदर होतं, असं इंग्रज लिहीत आले: देवगड तालुक्यातलं विजयदुर्ग, त्यांच्या कागदांतलं ‘घेरिया’. तिथल्या आंगऱ्यांना ‘चाचे’ म्हणण्याची ही सवय मराठी बोलण्यातही शिरली आहे. ती जायला हवी.

कान्होजी आंगरे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, तेव्हा त्यांचं सरखेलपद आणि लहानमोठ्या २६ किल्ल्यांचा ताबा मान्य झाला. त्यांच्या हद्दीतून माल न्यायचा तर दस्तक घ्यावं लागे; बिनदस्तकी जहाज पकडलं जाई. पोर्तुगीज हेच काम सोळाव्या शतकापासून ‘कर्ताझ’ नावाच्या परवान्यानं करत होते. त्यांना सहसा कुणी चाचे म्हटलं नाही.

पोर्ट रॉयलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथल्या इंग्रज गव्हर्नरांनीच स्पॅनिश जहाजं लुटायचे परवाने वाटले. पनामा लुटणाऱ्या हेन्री मॉर्गनला इंग्लंडच्या राजानं १६७४ मध्ये ‘सर’ केलं आणि जमैकाचा उपगव्हर्नर नेमलं. ७ जून १६९२ च्या भूकंपात त्या गावाचा मोठा भाग समुद्रात गेला.

विजयदुर्गाचा घात भूकंपानं केला नाही. वाघोटन खाडीच्या तोंडावरच्या या किल्ल्यानं १७१७ आणि १७२० मध्ये मुंबईकर इंग्रजांना, १७२४ मध्ये डचांना परतवलं. जवळच खाडीत गोदी होती, गुराबा आणि गलबतं तिथे दुरुस्तीला येत. चाच्यांच्या अड्ड्याला एवढी व्यवस्था लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. इथे राज्याचं आरमार नांदत होतं.

दुसरा समज असा की इंग्रजांनी एकट्यानं हे बंदर बुडवलं. विजयदुर्गावर बसलेला कान्होजींचा मुलगा तुळाजी आंगरे पेशव्यांना जुमानत नव्हता. त्याला आवरायला नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून अॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज आली, जमिनीवर पेशव्यांचं सैन्य होतं. तुळाजी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला. १२ तारखेला तोफा सुरू झाल्या. त्यानं पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर गोळा पडून आग लागली. ती पसरत गेली आणि बंदरातलं आंगऱ्यांचं सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

म्हणून ‘पेशव्यांनी आपलंच आरमार जाळलं’ हे वाक्यही जसंच्या तसं खरं नाही. आग इंग्रजांच्या तोफेची होती. पण तोफ दारात आणली पुण्यानं, आणि तुळाजीच्या हट्टानंही तिला वाट करून दिली. सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपापसात वाटून घेतली, मराठ्यांना त्यातलं काही दिलं नाही. कराराप्रमाणे किल्ला पेशव्यांचा. तरी तो सोडायला इंग्रजांनी ऑक्टोबर उजाडवला. बाणकोट मात्र त्यांच्याकडेच राहिलं. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत जगला. क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला जिंकला.

घरातलं भांडण मिटवायला इंग्रजांना बोलावण्याची किंमत समुद्रापासून लांबच्या जालन्यालाही मोजावी लागली. पेशवा दुसऱ्या बाजीरावानं होळकरांच्या धाकानं इंग्रजांशी डिसेंबर १८०२ मध्ये वसईचा तह केला. त्यातून पेटलेल्या युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीनं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. असई आणि विजयदुर्ग हे धडे शाळेत शेजारी शेजारी शिकवायला हवेत.

१७५६ नंतर विजयदुर्ग ओस पडला, हाही गैरसमज. पेशव्यांनी तिथे आपल्या आरमाराचं ठाणं केलं. तिथले आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांनी १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज लढून पकडलं. किल्ला इंग्रजांच्या हाती कायमचा गेला तो १८१८ मध्ये, पेशवाईबरोबरच.