टेप थांबू नये म्हणून

संगणकातील माहितीची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, ज्या टेपवर घेतला जातो ती टेप सुटी कधी दिसत नाही. अर्धा इंच रुंदीची ही चुंबकीय फीत तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये एकाच रिळावर गुंडाळलेली असते. दुसरे रीळ ड्राइव्हमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या यंत्रात असते. कार्ट्रिज आत सरकले की त्याची झडप उघडते, फितीच्या टोकाची धातूची पिन ड्राइव्हमधली यंत्रणा पकडते आणि फीत हेडवरून, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून, ओढून पलीकडच्या रिळावर चढवते. कार्ट्रिज खाली पडून ही पिन सरकली, तर माहिती शाबूत असूनही टेप चढत नाही; म्हणून जाणता कर्मचारी पडलेल्या कार्ट्रिजची झडप उघडून आधी पिन पाहतो.

आज बहुतेक ठिकाणी दिसणारा प्रकार एलटीओ. एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून ठरवलेल्या या पद्धतीच्या पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये 2000 साली 100 जीबी माहिती मावत असे; 2017 च्या आठव्या पिढीत 12 टीबी मावते. या पिढीच्या 960 मीटर फितीवर 6,656 ट्रॅक असतात आणि हेड एका वेळी 32 ट्रॅक लिहिते, त्यामुळे फीत पूर्ण भरायला तिला 208 वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागते. नांगर बांधाशी वळून शेजारच्या तासाने परत यावा, तसे हे लेखन चालते. हेडने आपला ट्रॅक सोडू नये म्हणून फितीवर कारखान्यातच सर्व्हो नावाच्या मार्गदर्शक खुणा उमटवलेल्या असतात. एलटीओ टेप शक्तिशाली चुंबकाने पुसली की माहितीबरोबर या खुणाही जातात आणि ती पुन्हा कधीच वापरता येत नाही, हे पुष्कळांना टेप वाया गेल्यावरच कळते.

खरी अडचण वेगाची आहे. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला 360 एमबीपर्यंत लिहितो, पण लाखो बारीक फायली चाळणारा सर्व्हर तेवढ्या वेगाने माहिती पुरवू शकत नाही. ड्राइव्ह आपला वेग काही प्रमाणात उतरवतो. त्याहूनही पुरवठा मंदावला, की फीत थांबवून, थोडी मागे घेऊन पुन्हा धाव घ्यावी लागते. बूट पुसताना फडके मागेपुढे करावे तशा या हालचालीला ‘शू-शायनिंग’ म्हणतात. तिच्यात वेळ जातो आणि फीत व हेड दोन्ही झिजतात.

यावर एक उपाय म्हणजे बॅकअप आधी डिस्कवर उतरवून मग सलग टेपवर लिहिणे. दुसरा मल्टिप्लेक्सिंग, ज्यात अनेक सर्व्हरांची माहिती तुकड्यातुकड्यांनी एकाच टेपवर मिसळून लिहिली जाते. दुसरा स्वस्त पडतो, परंतु त्याची किंमत रिस्टोअरच्या वेळी, म्हणजे माहिती परत आणताना, मोजावी लागते, कारण एका सर्व्हरच्या तुकड्यांसाठी इतरांचे तुकडेही ओलांडावे लागतात. त्यात आठवड्याचा फुल बॅकअप आणि रोजचे इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या फायलींचे बॅकअप, वेगवेगळ्या टेपांवर असतील, तर ती सगळी कार्ट्रिजे क्रमाने चढवावी लागतात. म्हणून ज्या सर्व्हरावाचून काम अडते, त्याची माहिती रात्रीचे वेळापत्रक लांबले तरी स्वतंत्र टेपवर लिहिणेच शहाणपणाचे ठरते.