अशक्य आकृतींची लोकरीची पांघरुणे

गणिताच्या अध्यापनात रमलेली माणसे लोकरीच्या सुया हाती घेतात तेव्हा काय निपजते, याचा दाखला इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील पॅट अ‍ॅशफोर्थ आणि स्टीव्ह प्लमर या दोन गणितशिक्षकांच्या कामात सापडतो. त्यांच्या पांघरुणांवर फुलापानांच्या नक्षीऐवजी भूमिती, दृष्टिभ्रम आणि प्रत्यक्षात घडविता न येणाऱ्या आकृती अवतरल्या आहेत.

अशा आकृतींत अग्रमान अशक्य त्रिकोणाचा. स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवर्ड या चित्रकाराने तो १९३४ साली नऊ घनांच्या मांडणीतून रेखाटला, आणि १९५८ साली लायोनेल व रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी मानसशास्त्राच्या एका नियतकालिकातून त्याला विद्वन्मान्यता मिळवून दिली. तीन चौकोनी तुळयांच्या या त्रिकोणाचा एकेक कोपरा सुटा पाहिला तर सुताराने सांधावा इतका सरळ. पण तिन्ही एकत्र पाहताच दूर गेलेली तुळईच जवळ येऊन मिळते, आणि बुद्धी बुचकळ्यात पडते.

लाकडात जे साधत नाही ते लोकरीत साधते, याचे कारण पांघरूण सपाट असते. त्यावर फिकी, मध्यम आणि गडद अशा तीन छटांचे पट्टे शेजारी मांडले की खोलीचा आरोप पाहणाराच करतो. विणणाऱ्यापुढील प्रश्न निराळा, तो कोनांचा. प्रत्येक ओळ सुलट विणली की दोन ओळींची मिळून एक वळी उठते व तिची उंची साधारणतः एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते, त्यामुळे चौकटीच्या कागदावरील आराखडा जसाच्या तसा उतरविता येतो. मात्र या आकृतींना लागणारा ३० अंशांचा उतार चौकटीत नेमका बसत नसल्याने दर वळीला दोन टाके सरकण्याची तजवीज करावी लागते, आणि त्यातून येणारा सुमारे २६.५ अंशांचा उतार डोळा विनातक्रार मान्य करतो.

ब्रिस्टल शहरातील एका उपाहारगृहाच्या भिंतीवरून रिचर्ड ग्रेगरी व प्रिसिला हर्ड यांनी १९७९ साली वर्णिलेला भ्रम विणावयास याहून सोपा: काळ्यापांढऱ्या चौकोनांच्या रांगा एकमेकींपासून किंचित सरकवून मांडाव्यात, मध्ये करड्या लोकरीची बारीक रेघ सोडावी, की काटेकोर समांतर रांगाही तिरप्या भासू लागतात.

छायाविणकामाची युक्ती तर टाक्यांतच दडलेली. दोन रंग दर दोन ओळींनी आलटूनपालटून घ्यावयाचे. प्रत्येक रंगाची पहिली ओळ सुलट, परंतु मागील बाजूने विणावयाच्या दुसऱ्या ओळीत जेथे सुलट टाका घ्यावा तेथे दर्शनी बाजूस वळी उठते, आणि जेथे उलटा घ्यावा तेथे वीण सपाट राहते. समोरून केवळ पट्टे दिसतात. बाजूस सरकताच उठलेल्या वळ्या शेजारचा सपाट भाग झाकतात आणि चित्र प्रकट होते.

या साऱ्यात विणणाऱ्याने कोठेही लबाडी केलेली नसते. फसगत होते ती डोळ्यांनी टिपलेल्या खुणांवरून घाईने निष्कर्ष काढणाऱ्या बुद्धीची. म्हणूनच वर्गात अशा पांघरुणाचे मोल मोठे: रेघा तिरप्या आहेत असा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्याने दोन रेघांमधील वळ्या दोन्ही टोकांना मोजाव्यात, आकडा एकच येतो.